एक्स बरोबर ३ ची उभी रेघ

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला आणि मला एकदम आमच्या गणिताच्या बाईच आठवल्या. गॅदरिंग, खो-खो, पन्हाळ्याची सहल यावर बाकीचे लिहितीलच, मी निर्देशक भूमितीवर लिहितो.

नववीत हा धडा आला की बाई मधल्या सुट्टीतच वर्गात येऊन मोठ्या लाकडी पट्टीनं फळाभर चौकटी आखायच्या, साडीवर सगळी खडूची भुकटी. मग फळ्यावर एक्स बरोबर ३ एवढंच लिहिलं आणि म्हणाल्या, काढा आलेख. निम्मा वर्ग आडवी रेघ मारून मोकळा, कारण एक्स अक्ष आडवा मग एक्सची रेघ पण आडवीच असणार असं पोरांना वाटतंच. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "एक्स ३ पाहिजे एवढंच सांगितलंय, वायबद्दल कोण काय बोललंय का? मग वाय काय पण घ्या की!" आणि एकेकाला उठवून वायची किंमत विचारत गेल्या, कोण म्हणालं ४, कोण १, कोण ०, मागच्या बाकावरून आलं वजा २. (३, ४), (३, १), (३, ०), (३, -२) असे बिंदू पडत गेले आणि पट्टी लावायच्या आधीच दिसलं, सगळे एकाखाली एक, वाय अक्षाला समांतर. एक्स बरोबर ० म्हणजे खुद्द वाय अक्षच, हे तर मग आम्हीच ओरडून सांगितलं.

पंचगंगेचं उदाहरण पण त्यांचंच. राजाराम बंधाऱ्यावर पाणी मोजतात ती जागा तीच राहते, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, म्हणजे एक्स तोच, बदलते ती फक्त उंची, म्हणजे वाय. कोल्हापूरच्या पोराला हे वेगळं समजवावं लागत नाही.

दहावीत रेघेचा चढ आला, म्हणजे दोन बिंदूंच्या वायमधला फरक भागिले एक्समधला फरक. (३, १) आणि (३, ४) घेतले तर वर ३ आणि खाली ०, शून्यानं भागता येत नाही, म्हणून उभ्या रेघेचा चढ ठरतच नाही. आडव्या रेघेचा चढ शून्य असतो, ही गोष्ट वेगळी आणि ती गोष्ट वेगळी, हे बाई परत परत सांगायच्या. वाय बरोबर एमएक्स अधिक सी या रेघेच्या नेहमीच्या समीकरणात एम म्हणजे चढ, त्यात ही रेघ का बसत नाही ते पण तिथंच कळलं, एमच नाही तर बसणार कशी.

आज मी शिरोली एमआयडीसीत व्हीएमसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनचे, प्रोग्राम करतो. जी ०१ म्हणजे सरळ रेघेत कापत जा असा हुकूम. जी ०१ वाय ५० लिहिलं आणि एक्स लिहिलाच नाही, तर मशीन एक्स आहे तिथंच धरतं आणि टूल वायच्या दिशेनं सरळ कापत जातं. आयटीआयची नवी पोरं विचारतात, एक्स कुठं गेला? त्यांना आधी आलेख कागदावर चार बिंदू टाकायला लावतो, मगच मशीनला हात.

शाळेला एक मनापासून विनंती. नव्या खोल्या होतील तेव्हा गणिताच्या वर्गात एका फळ्यावर चौकटी कायमच्या आखून घ्या, खर्च आमची बॅच करेल, ग्रुपवर विचारून झालंय.