पाखराचा आजा कोण?

"सर, तो उडता डायनासोर म्हंजे आपल्या पाखराचा आजाच ना जी?"

विज्ञान शिकवतो म्हणून पानठेल्यावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीतही मला हे विचारतात. आमच्या वरोरा तालुक्यात पिजदुऱ्याला डायनासोरची हाडं निघाली, त्यांचं दगड झालेलं शेणसुद्धा. म्हणून असल्या प्रश्नाचं इकडे कोणाला नवल नाही. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो: आजा नाही. डायनासोरही नाही.

त्याला म्हणतात टेरोसॉर. डायनासोर आणि तो एकाच मूळपुरुषाची दोन घरं. पाखरं निघाली ती डायनासोरच्या घरात.

पटत नसेल तर हात पुढे करा. करंगळी मिटा, टेरोसॉरला ती नव्हतीच. आता अंगठीचं बोट वाढत वाढत अंगापेक्षाही लांब झालं असं समजा. पंखाची कातडी ताणलेली ती त्या एकाच बोटावर. आमच्या शाळेमागच्या चिंचेवर लटकणारं वटवाघूळ मात्र अंगठा सोडून चारही बोटं पंखात घालतं. आणि पाखराची बोटं आखडून जुळलेली, त्याचा सगळा भार पिसांवर. उडतात तिघंही, पण हाडं तीन तऱ्हेची. नुसतं रूप पाहून भाऊकी ठरवली की फसगत होते. १७८४ साली कोलिनी नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने पहिला टेरोसॉर वर्णिला, तेव्हा त्याला तो समुद्रातला प्राणी वाटला होता. १८०१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिएने नुसतं चित्र पाहून ओळखलं की हा उडणारा सरपटणारा प्राणी आहे. मला तर त्या चित्रकाराचंच जास्त कौतुक वाटतं.

टेरोसॉरच्या घरातल्या घरात मात्र एक पेच होता. जुने टेरोसॉर लांब शेपटीचे, आखूड मानेचे. नंतरचे मोठ्या डोक्याचे, लांब मानेचे, शेपूट नावाला. सातबाऱ्यावर आज्यानंतर थेट पणतूचं नाव यावं आणि मधले फेरफारच सापडू नयेत, तसं. चीनमध्ये सापडलेल्या डार्विनोप्टेरस नावाच्या टेरोसॉरने एक फेरफार दिला: डोकं-मान नव्यांची, शेपूट जुन्यांची. २०२४ साली जर्मनीतल्या बव्हेरियाच्या स्किफोसोराने त्यापुढचा दिला. पंख पसरले की दोनेक मीटर. शेपूट आखूड झालेली, पण अजून ताठ आणि टोकदार. म्हणून नावाचा अर्थच तलवारशेपट्या. म्हणजे आधी डोकं-मान बदलली, शेपूट मागाहून. विशेष म्हणजे तिथले बहुतेक सांगाडे दगडात पापडासारखे चेपलेले असतात, याची हाडं फुगीर राहिली.

परवा हे सगळं ऐकून एक काका म्हणाले, "मंग आपल्या पिजदुऱ्याचा तो लांब मानेचा, जमिनीवरचा?"

"तो डायनासोर. त्या उडत्यापेक्षा कोंबडीला तोच जवळचा."

काका अंगणातल्या कोंबडीकडे बराच वेळ पाहत राहिले. "हिच्या भाऊकीत एवढा मोठा," म्हणाले, "अन् हिले कुंपनावरून धड उडता येत नाही."