तिरफळ की त्रिफळा: मॉडेल निवडीच्या वहीतलं चौथं पान

मागच्या पानावर मी छातीठोकपणे लिहिलं होतं, पावसाआधी मराठी मसुदे लिहायला एक भाषा-मॉडेल (चॅटजीपीटीसारखा मजकूर लिहिणारा संगणकाचा प्रोग्राम) पक्कं करतो. आता आषाढ लागला तरी तिघंही उमेदवार घरातच आहेत.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: मी देवगड तालुक्यातला. वाडीत कोणाच्या आंब्याच्या पेट्या आहेत, कोणाच्या घरी पर्यटकांची राहायची सोय आहे, शेजारच्या काकू कोकमाचं आगळ विकतात. या सगळ्यांचं माहितीपत्रक, पाककृती, चार ओळींची जाहिरात मी हौसेने लिहून देतो, आणि मसुद्यासाठी भाषा-मॉडेलं वापरून बघतो. मॉडेलांना मी माशांची नावं दिली आहेत. सुरमई आणि पापलेट इंटरनेटवरचे, पैसे मोजून. मुडदुशी छोटी, माझ्याच लॅपटॉपवर चालणारी. खरी नावं मुद्दाम देत नाही. हा एकच बाजार असा, की काल नरम पडलेला मासा दोन महिन्यांनी ताजा होऊन येतो.

१२ जून. काकूंनी सांगितलेली बांगड्याच्या तिखल्याची कृती तिघांना दिली आणि म्हटलं, नीट लिहून द्या. सुरमईने तिरफळ (माशाच्या कालवणात घालतो तो आपला कोकणी मसाला) हा शब्द चुकीचा टाइप झाला असं समजून परस्पर सुधारला आणि लिहिलं, 'शेवटी पचनास हितकारक असे एक चमचा त्रिफळा चूर्ण घालावे.' हिरडा, बेहडा, आवळा घातलेला बांगडा! जेवण आणि जुलाब एकाच ताटात. काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ह्या कोणी लिवल्यान? तेका एकदा जेवक घेवन ये."

पापलेटने तिरफळ ओळखलं, पण सड्यावर घसरला. मी लिहिलं होतं, 'आमची कलमं सड्यावर आहेत.' त्याच्याकडून आलं, 'फुलांचा सडा पडलेल्या आमच्या बागेत...' आपला सडा म्हणजे कातळ, जांभ्याचं पठार. घाटावरच्या मराठीत सडा अंगणात शिंपतात नाहीतर प्राजक्ताचा पडतो, आणि मॉडेलाने वाचलेला बहुतेक मजकूर तिकडचाच. माहीत नसलेला शब्द दिसला की ते थांबून विचारत नाही, जवळचा ओळखीचा शब्द उचलतं. मग मी चाळीस शब्दांची सूची केली: सडा, गडगा, चिरा, खळं, आगळ, तिरफळ, कापा, बरका, प्रत्येकापुढे एक ओळ अर्थ. ती प्रत्येक सूचनेच्या आधी चिकटवतो. सुरमई-पापलेट लगेच सुधारले. मुडदुशी पहिल्या दोन परिच्छेदांत सूची पाळते, तिसऱ्यापासून विसरते.

मराठीला खर्च किती येतो, असं कोणीतरी विचारलं होतं. पैसे टोकनवर लागतात, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे पाडून वाचतं-लिहितं त्यांवर, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइटचं, इंग्रजी अक्षर एका बाइटचं. जुन्या टोकनायझरमध्ये (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) मराठीचे फार तुकडे पडायचे. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल आलं तेव्हा ते बनवणाऱ्या ओपनएआयनेच उदाहरण दिलं होतं: मराठीतल्या एका मजकुराला आधी ९६ टोकन लागत, नव्यात ३३. तेव्हा दर बघताना नुसता दहा लाख टोकनांचा भाव बघू नका, आपला एक परिच्छेद टाकून टोकन मोजा.

भाषांची यादीही बघा. मेटा कंपनीच्या लामा ३.१ या मॉडेलाच्या अधिकृत आठ भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. सर्वम-१ हे भारतीय मॉडेल फक्त दोन अब्ज पॅरामीटरचं (पॅरामीटर म्हणजे मॉडेलाने शिकून साठवलेले आकडे), पण त्याच्या दहा भारतीय भाषांत मराठी आहे. अर्थात यादीत नाव असणं आणि मराठी वाचवणं यात अंतर आहे.

२७ जून. वीज गेली, पाठोपाठ नेटही. दोन दिवस. मुडदुशी ठेवलीय ती याच दिवसांसाठी. हिशोब सोपा: चार बिटांत दाबलेलं मॉडेल म्हणजे एका पॅरामीटरला साधारण अर्धा बाइट, म्हणजे बारा अब्जांचं मॉडेल सहा-सात जीबीत बसतं. माझा लॅपटॉप १६ जीबीचा, ग्राफिक्स कार्ड नाही. शब्द पागोळीसारखे एकेक टपकतात. बॅटरी संपायच्या आत एक माहितीपत्रक झालं, त्यात 'निसर्गाच्या कुशीत' तीनदा.

या 'कुशी'वर मला वेगळं पान लिहायचंय. तिघांनाही एकच खोड: आंबा हे केवळ फळ नसून एक भावना आहे, समुद्र केवळ पाणी नसून अमुक आहे. टेम्परेचर (मॉडेलाने किती मोकाट सुटावं ते ठरवणारा आकडा) ०.३ वर आणलं की जरा आवरतं. 'ही वाक्यं नकोत' असं सांगून फारसा फरक पडला नाही. काकूंच्या बोलण्यातली सहा वाक्यं नमुना म्हणून दिली तेव्हा पापलेट एकदम जमिनीवर आला. सुरमई मात्र अजून भाषणच ठोकते.

५ जुलै. माहितीची परीक्षा. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' आहेत, आणि लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात तिथूनच हेलियम शोधला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तिघांना विचारलं. तिघांनीही तेच सांगितलं, सुरमईने तर दुर्बीण कशी लावली तेही रंगवलं. खरं तर हेलियमचं श्रेय लॉकियरसोबत ज्याला देतात तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन त्या ग्रहणाच्या वेळी गुंटूरला होता, आणि लॉकियरने आपलं निरीक्षण ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये केलं, तेही ग्रहणाशिवाय. इंटरनेटवर गावची गोष्ट जास्त वेळा लिहिलेली, म्हणून उत्तरही तेच. त्यात गंमत अशी, की त्यांची मराठी त्या दिवशी सगळ्यात झकास होती.

त्यानंतर मी त्यांना माहिती विचारणंच सोडलं. माहिती मी देतो, ते फक्त लिहितात. असं ठरल्यावर निवडही सोपी झाली, कारण ज्ञानाचे गुण वजा झाले आणि उरली फक्त मराठी. त्यात पापलेट पुढे. नेट नसेल तेव्हा मुडदुशी, सूची अर्धी करून. सुरमईचं वर्गणी नूतनीकरण या महिन्यात करत नाही.

मालवणीत तिघंही नापास. शेवटी 'रे' लावलं की मालवणी होते अशी त्यांची समजूत दिसते.

काल सोलकढीची कृती तिघांकडून लिहून घेतली आणि कोणाची कुठली ते न सांगता कागद काकूंपुढे ठेवले. सामग्रीत मी स्पष्ट 'आगळ' लिहिलं होतं, सूचीत अर्थही होता: मीठ घालून काढलेला कोकमाचा रस. तिन्ही कागदांवर काकूंनी पेनाने एकच ओळ खोडली आहे, 'चवीनुसार मीठ घाला.'