नेरूळची पक्षीगणना: भरती, रविवार आणि हाताशी असलेली माणसं

हंगामाच्या सुरुवातीला चार ठिकाणं धरली होती. आता टी. एस. चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ आणि डीपीएस तलाव एवढी दोनच ठेवली आहेत. ऐरोली आणि कोपरी सोडल्यामुळे काही जण नाराज आहेत. असोत.

आपल्याकडे माणसं कमी, दुर्बिणी त्याहून कमी, स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) एकच. तरी खरी अडवणूक भरती करते. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात पांगतात, काठावरून नुसते ठिपके दिसतात. चिखल बुडाला की तेच थवे पाणथळीवर येऊन टेकतात. मोजायचं ते तेव्हाच.

वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशोब पुरतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट, तितके वाजता भरती. द्वादशीला नऊ वाजता भरती, म्हणजे रविवारी सकाळी अगदी सोयीची. पण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे पुढच्या रविवारी त्याच नऊ वाजता सगळा चिखल उघडा. थोडक्यात, एक रविवार आड. त्यातही अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी पुरतं चढत नाही आणि बरेच पक्षी खाडीतच राहतात. ठाणे-नेरूळ लोकलने येणारे वेळेवर पोचतात. हार्बरवाल्यांना परतताना मेगाब्लॉकची धास्ती, म्हणून अकराच्या आत आवरतं घ्यावं लागतं. एवढ्यात चार ठिकाणं? शक्यच नाही.

नव्या मंडळींना मोजणी शिकवली ती अशी: आधी दहा पक्षी नीट मोजायचे, मग तेवढ्याच जागेचे दहा तुकडे डोळ्यांनी आखून शंभर केवढे दिसतात ते मनात बसवायचं, आणि तो शंभराचा तुकडा थव्यावर सरकवत न्यायचा. रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगो) थव्यावर हे छान जमतं, ते एका जागी उभे असतात. शेकाटेही ठीक. टिलवे (लहान किनारपक्षी) मात्र सारखे पळतात. सीवूड्सच्या काकूंनी टिलव्यांचा एक थवा दोनदा मोजला, दोन्ही आकडे जवळपास सारखे आले. त्यांच्या खालोखाल कुणाचाच हात बसलेला नाही.

जाती ओळखण्याबाबत वाद झाला. आपल्यातले एक दादा म्हणतात, लहान किनारपक्षी जातवार नोंदवले नाहीत तर नोंदीला अर्थ काय? त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण स्कोप त्यांच्याकडेच असतो, आणि ते एक रविवार सोडून येतात (तोही बऱ्याचदा ओहोटीचा). म्हणून ठरवलं: ते असतील तेव्हा जातवार, नसतील तेव्हा ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘लहान किनारपक्षी’ एवढंच. अंदाजाने जात ठोकून द्यायची नाही.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना आहे. ती १९८७ पासून चालू आहे, आपल्या सोयीने तारीख हलणार नाही. त्या आठवड्यातल्या रविवारची तिथी पाहून ठेवा. सकाळची भरती नसेल तर शनिवारी कोण येऊ शकेल ते आत्ताच कळवा, आणि दुर्बीण आहे की नाही तेही लिहा.