बर्फानं वाचवलेली हडसन

आम्स्टरडॅमचे तीन दिवस रांगांत गेले. पुन्हा जाणार नाही. चौथ्या दिवशी भाऊ म्हणाला, "ताई, चल, आज बाबांना आवडेल असं काहीतरी बघू." रॉटरडॅमहून मेट्रो धरून आम्ही मासस्लाउसला उतरलो. सागरी टगवाल्यांचं हे जुनं गाव; टग म्हणजे दुसरी जहाजं ओढून नेणारी बोट. बंदरात 'हडसन' उभी होती.

1939 साली बांधलेली टग. 10 मे 1940 ला जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या तेव्हा ती देशाबाहेर होती. मग परत यायचं कुठे? दोस्त राष्ट्रांच्या बाजूनं ती युद्धभर राबली, तीही नागरी खलाशांच्या जोरावर. टॉर्पेडो लागलेलं प्रत्येक जहाज बुडतंच असं नाही. अर्धमेलं होऊन तरंगत राहतं. ताफा त्याच्यासाठी थांबत नाही. अशा वेळी टगनं जायचं, दोर बांधायचा आणि माणसाच्या चालीनं दिवसचे दिवस ओढत आणायचं. पाणबुडीला तर असं रखडणारं सावज हवंच असतं.

उभ्या शिडीनं खाली उतरले. खलाशांच्या अरुंद बिछान्यांपाशी मला बाबा आठवले. ते मर्चंट नेव्हीत होते, नऊ-नऊ महिने बाहेर. आई कालनिर्णयवर एकेक दिवस खोडायची. पण आम्हाला परतीची तारीख ठाऊक असायची, पत्रं यायची. इथल्या बायकांपुढे जर्मनांच्या ताब्यातलं गाव होतं, आणि नवरा कुठल्या समुद्रात आहे याचा पत्ता नाही. पाच वर्षं! मला तिथून हलवेना.

1944 मध्ये फ्रान्समध्ये उतरणाऱ्या दोस्त सैन्यासाठी तिथल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कृत्रिम बंदर उभारायचं होतं. त्यासाठी काँक्रीटच्या पोकळ पेट्या इंग्लंडहून खाडी ओलांडून ओढत न्याव्या लागल्या; सर्वांत मोठी पेटी सहा हजार टनांची. बंदराचे भाग ओढणाऱ्या टगांमध्ये हडसनही होती.

आणि अशा बोटीचं पुढे काय व्हावं? साठच्या दशकात तिला निवृत्त केलं आणि स्टेलेंडामच्या मासेमारी बंदरात तिचा बर्फाचा कारखाना झाला. मी रत्नागिरीची. बर्फ वेळेवर मिळाला नाही तर मिरकरवाडा बंदरात काय हाल होतात ते मला माहीत आहे, त्यामुळे त्या कामाला मी हलकं मानणार नाही. उलट त्या बर्फामुळेच ती पंचवीसेक वर्षं तगली. 1989 मध्ये भंगारात निघाली तेव्हा लोकांनी ती सोडवून आणली आणि दुरुस्त केली.

वर येऊन बाबांना व्हिडिओ कॉल लावला. "आकडा दाखव, दोर अडकवायचा," ते म्हणाले. लोकांना हडसन दाखवणारे आजोबा जवळच होते. त्यांनी आकड्यावर हात ठेवला आणि दोर कसा सुटायचा ते खुणांनी सांगू लागले. बाबांनी तिकडून जहाजावरच्या इंग्रजीत विचारलं, वादळात दोर सोडायचा निर्णय कोण घ्यायचं? आजोबा खुर्ची ओढून बसले. पाऊण तास मी फोन धरून उभी होते.