साताऱ्याहून पुण्याला, सईच्या ऑपरेशनसाठी

ऑपरेशनला साधारण पाच तास लागतील, असं सर्जननी आदल्या दिवशी सांगितलं होतं. मंगळवारी सकाळी सव्वासातला सई आत गेली आणि मी लगेच मनात हिशेब मांडला, सव्वाबाराला बाहेर. साडेबारा झाले, एक वाजला, दोन वाजले. दार उघडत होतं ते दुसऱ्यांच्या पेशंटसाठी. त्या पावणेदोन तासांत मी जे जे मनात आणलं ते कुठल्याच आईच्या मनात येऊ नये. ते टळू शकलं असतं, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी थोडं मागचं. सई ७ वर्षांची. जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि सकाळी उठल्या उठल्या उलट्या सुरू झाल्या. उलटी झाली की बरं वाटायचं, मग दिवसभर खेळायची. डोकं दुखतंय म्हणायची तेही पहाटेच. आमच्याकडच्या डॉक्टरांनी आधी ॲसिडिटी, मग जंत, मग शाळेत जायचा कंटाळा असं करत दोन महिने काढले. चालताना ती उजवीकडे झुकायला लागली, पेन्सिल धरलेला हात थरथरायला लागला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, चष्म्याचं काही असेल, डोळे दाखवून घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब घालून आत पाहिलं आणि म्हणाले, डोळ्याच्या मागच्या नसेला सूज आहे, आजच्या आज एमआरआय करा. लहान मेंदूत, उजव्या बाजूला गाठ होती. मेंदूतल्या पाण्याची वाट तिने अडवली होती, म्हणून वर पाणी साठून दाब वाढत होता. रात्रभर आडवं झोपल्यावर दाब वाढतो, म्हणून उलट्या सकाळीच. हे सगळं आता कळतं. पहाटेची डोकेदुखी, उपाशीपोटी उलटी आणि तोल जाणं ही तिन्ही एकत्र दिसली तर जंताच्या औषधावर थांबू नका, एवढं मी आता ज्याला त्याला सांगते.

आम्ही सोमवारी पहाटे चारला भावाच्या गाडीने निघालो. सातारा ते पुणे अंतर ११० किलोमीटरच्या आसपास, पण अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत, खेड शिवापूरचा टोल आणि कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर नवले पुलाचा उतार. सातच्या आत नवले पूल मागे टाकला तर बरं. पुण्याकडे जाताना खंबाटकीला बोगदा लागतो, घाटाची वळणं लागत नाहीत, हे उलट्या होणाऱ्या पोरासाठी फार मोठं सुख. सईला मागच्या सीटवर आडवं झोपवायचं नाही, डोकं उशांवर उंच ठेवायचं, असं सर्जननी फोनवर सांगितलं होतं. गाडी नसेल तर सातारा-स्वारगेट विनाथांबा एसटी आहेच, आणि आता स्वारगेटला उतरल्यावर मेट्रोही मिळते. पण अशा पोराला घेऊन गर्दीत चढ-उतार करण्यापेक्षा स्वारगेटहून रिक्षा करावी.

ॲडमिशनच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ कागदात जातो. आमचं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं, थेट तिथे जायचं. रेशनकार्ड, आधार, एमआरआयचा रिपोर्ट आणि त्याची सीडी सोबत हवी. मंजुरी ऑपरेशनच्या आधी यावी लागते, म्हणून ॲडमिट व्हायच्या चार दिवस आधी कागद दाखवून ठेवले तर धावपळ वाचते. रेशनकार्डावर सईचं नाव घातलेलंच नव्हतं, तिचा जन्मदाखला घरी कपाटात होता. दिरांनी तो फोटो काढून पाठवला आणि मूळ कागद दुपारच्या एसटीने माणसासोबत दिला. तुम्ही निघण्याआधी रेशनकार्ड उघडून पोराचं नाव आहे का ते बघा. योजनेची चौकशी १५५३८८ या नंबरवर करता येते. योजनेत बसत नसेल तरी धर्मादाय हॉस्पिटलमध्ये गरीब रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवायचा नियम आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावं लागतं. आपणहून विचारायला लाजू नका.

रक्त. दोन बाटल्यांची सोय ठेवा म्हणाले. भावाचे दोन मित्र सोमवारी दुपारीच देऊन गेले. एकाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्याला परत पाठवून पोहे खाऊन यायला लावलं. रक्त उपाशीपोटी द्यायचं नसतं. वजन ४५ किलोच्या वर हवं, पुरुषांनी तीन महिन्यांच्या आत दिलेलं नको. आपल्या पोराचाच गट असलेला माणूस शोधत बसायची बहुतेक वेळा गरज नसते, रक्तपेढी बदल्यात दुसऱ्या गटाचंही घेते. ऑपरेशनच्या सकाळी माणसं बोलावू नका, आदल्या दिवशीच उरकून घ्या.

संध्याकाळी भूल देणाऱ्या मॅडम आल्या. सईच्या अंगठ्याचं नख बघून म्हणाल्या, ही नेलपॉलिश काढा, मेंदी असेल तर एक तरी बोट मोकळं द्या, ऑक्सिजनचा चिमटा बोटाला लावतात. मग सईला तोंड उघडायला लावलं आणि विचारलं, दात हलतोय का गं? हलत होता. खालचा, समोरचा, अगदी लटकत होता. सई तो जिभेने मागे-पुढे करून दाखवायची. घशात नळी घालताना असा दात निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून झोपल्यावर आम्ही तो काढून घेऊ, चालेल ना, असं त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. सई म्हणाली, "पण माझा दात मला द्यायचा. टाकून नाही द्यायचा." मॅडमनी तिच्यासमोर केसपेपरवर लिहिलं. पोराचा दात हलत असेल तर कोणी विचारायची वाट न बघता सांगा.

त्याच रात्री संमतीपत्र. त्यात रक्तस्राव, जंतुसंसर्ग, व्हेंटिलेटर सगळं लिहिलेलं असतं. लहान मेंदूच्या ऑपरेशननंतर काही मुलांचं बोलणं काही आठवडे, क्वचित काही महिने थांबतं, असंही सर्जननी समजावून सांगितलं. आणि हे पहिल्या दिवशी कळत नाही, बहुतेकदा एक-दोन दिवसांनी सुरू होतं, असंही. ह्यांनी सही केली, पेन माझ्याकडे दिलं, माझ्याच्याने माझं नाव नीट लिहवेना. वाचून घ्या, प्रश्न विचारा, आणि पोराच्या पलंगापासून लांब जाऊन सही करा. सईचे कान आमच्याकडेच होते.

बारानंतर खाणं बंद, पाणी पहाटे पाचपर्यंत. सूज उतरायच्या स्टेरॉइडने सईला भूक फार लागायची, पहाटे तीनला उठून ती पोळी मागत होती. मी तिला तेव्हा बाहेरच्या आवाजाकडे नेलं असतं, पण ढोल संध्याकाळीच थांबले होते. गणपती पंधरा दिवसांवर आले होते, नदीकाठी पथकांचा सराव चालायचा, तो वॉर्डात ऐकू यायचा. मग तिच्या दोन वेण्या घालत बसले. मागचे केस निघणार हे तिला ठाऊक होतं. तिने विचारलं, वेण्या राहतील का? मी सिस्टरला विचारलं. त्या म्हणाल्या, मानेच्या वरची पट्टीच फक्त काढतात, पुढचे राहतात. पहाटे औषधी साबणाने डोक्यावरून अंघोळ घातली, तेव्हा त्याच वेण्या सोडाव्या लागल्या. म्हणून रात्री वेण्या घालायची घाई करू नका.

गळ्यातला काळा दोरा, पायातले पैंजण, कानातले, सगळं आमच्याकडे. दोरा काढताना आई फोनवर रडल्या. दारापर्यंत वॉर्डातल्या मामांनी (वॉर्डबॉयनी) स्ट्रेचर ढकलत नेलं. त्याआधी सईला एक गोड औषध पाजलं होतं, त्याने ती हसत होती, बोलणं जड झालं होतं. काही ठिकाणी भूल लागेपर्यंत आई किंवा बाबांना आत येऊ देतात. आदल्या दिवशी विचारून ठेवा. मला दारापर्यंतच परवानगी होती.

आता पाच तासांचं. दार बंद होतं तेव्हा ऑपरेशन सुरू होत नाही. भूल देतात, घशात नळी बसवतात, दोन्ही हातांना सलाइनच्या सुया, मनगटाच्या धमनीत रक्तदाबाची सुई, लघवीची नळी. मग पोराला पालथं वळवतात, डोकं चौकटीत पक्कं बसवतात, केस काढतात, जागा धुतात. आमचं हे सगळं दहा वाजेपर्यंत चाललं होतं. चीर दहा वाजून दहा मिनिटांनी दिली, आणि तसा फोनही आतून आला होता. पण नंबर ह्यांचा दिलेला, आणि ते तेव्हा तळमजल्यावर रक्तपेढीत, तिथे रेंज नव्हती. मिस्ड कॉलचा मेसेज दोनला आला. तोवर मी दारासमोर बसून चुकीचा हिशेब करत होते. म्हणून दोन गोष्टी. जो माणूस दारापाशी बसणार आहे त्याचाच नंबर द्या, आणि त्याला कुठेही पाठवू नका. औषधं, बिल, रक्त यासाठी दुसरा माणूस. आणि डॉक्टरांना आधीच विचारा, प्रत्यक्ष सुरू कधी होईल, आणि संपल्यावर भेटायला किती वेळ लागेल. नातेवाइकांचे फोन दिरांकडे वळवले होते, ते फार बरं झालं.

साडेतीनला सर्जन बाहेर आले. टोपी हातात होती. गाठ दिसत होती तेवढी निघाली, म्हणाले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, त्यांनी हात धरला आणि म्हणाले, आता स्कॅनला नेतायत, पाच वाजेपर्यंत आयसीयूत दिसेल.

आयसीयूत एका वेळी एकच जण, दहा मिनिटं. जे दिसतं त्याची तयारी मला कोणी करून दिली नव्हती. पाच-सहा तास पालथं ठेवल्याने सईचा चेहरा सुजला होता, पापण्या इतक्या की डोळा उघडेना. दोन दिवसांत ती सूज पूर्ण गेली. डोक्याला पट्टी, आणि डोक्यातून निघालेली एक बारीक नळी, तिच्या टोकाला पिशवी. मेंदूतलं जास्तीचं पाणी त्या नळीतून उतरतं आणि पिशवीची उंची मोजून ठरवलेली असते. पलंगाची उशाकडची बाजू वर-खाली करायची असेल, पोराला उठवून बसवायचं असेल, तर आधी सिस्टरला बोलवा. शेजारच्या आजींनी मायेने नातवाचा पलंग वर केला आणि सिस्टर धावत आल्या, तेव्हा मला हे कळलं. दर तासाला बॅटरीने डोळ्यांत उजेड पाडतात, नाव विचारतात, हात दाबायला सांगतात. रात्री पोर वैतागतं. पण ते गरजेचं आहे, मध्ये पडू नका.

मी तिच्या हाताला हात लावला. ओठ कोरडे होते. नळी काढल्याने आवाज घोगरा. ती म्हणाली, "आई, दात?"

सिस्टरनी ड्रॉवरमधून लघवीच्या नमुन्याची असते तशी झाकणाची डबी काढली. आत गॉजवर तांदळाएवढा दात. डबीवर निळ्या पेनने सईचं नाव आणि केसनंबर लिहिलेला होता. मी डबी तिच्या डोळ्यांसमोर धरली. पापणी उघडत नव्हती, म्हणून डबी हलवून आवाज ऐकवला.

तिचं बोलणं थांबलं नाही. पण मी गुरुवार संपेपर्यंत दर तासाला तिला काहीतरी विचारत राहिले, ते एक-दोन दिवसांचं डोक्यात होतं म्हणून. चार दिवस मान ताठ होती, उलट्या झाल्या, ढोलाच्या आवाजाने ती रडायची, म्हणून सिस्टरनी खिडकी लावून पडदा ओढून दिला. बायोप्सीचा रिपोर्ट नवव्या दिवशी आला, पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड १. मेंदूच्या गाठींतल्या सगळ्यात सौम्य दर्जाची ही, पूर्ण निघाली तर बहुतेक मुलांना पुढे रेडिएशन लागत नाही. रिपोर्टची वाट बघायचे ते दिवस ऑपरेशनच्या दिवसापेक्षा लांब वाटतात. डिस्चार्जच्या वेळी रिपोर्टसोबत बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड (त्याचे काचेवरचे पातळ काप) कधी, कशा मिळतील ते विचारून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर तेच लागतात. आणि एमआरआयच्या सगळ्या सीडींची एकच पिशवी करा. आमची पहिली तपासणी तीन महिन्यांनी आहे.

सोबत नेण्याच्या वस्तू म्हणाल तर लांब वायरचा चार्जर, पातळ शाल, मोजे आणि समोरून उघडणारे शर्ट. डोक्यावरून घालायचे फ्रॉक सगळे परत आले.

घरी आलो तेव्हा गौरी बसल्या होत्या. सईने डबी उघडली. आमच्याकडे पडलेला दुधाचा दात कौलावर टाकतात. उजवा हात अजून थरथरतो, फिजिओथेरपी चालू आहे. दोन वेळा दात अंगणातच पडला. ह्यांनी शोधून दिला. तिसऱ्यांदा तो वर गेला आणि कौलावर टक् असं वाजलं.