बटाट्याला फट दिसली

एप्रिल उतरणीला लागला की भुसावळात दुपारी घर बंद करून घ्यावं लागतं. खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, कूलरमध्ये पाणी भरायचं आणि पाचपर्यंत अंगणाचं नाव काढायचं नाही. अशाच एका दुपारी ओट्याखालच्या टोपलीत लसूण चाचपताना हाताला काहीतरी गार, गुळगुळीत लागलं आणि मी ओरडलेच. बटाट्याचा कोंब होता. वीतभर लांब, पांढराफटक, टोकाशी जरासा जांभळट. कांद्यांच्या गर्दीतून अंग चोरत तो नेमका मागच्या दाराच्या फटीकडे निघाला होता.

‘झाडांना सगळं कळतं हो’ असं डोळे मिटून म्हणणारी माणसं मला सोसत नाहीत. मनीप्लांटला गाणी ऐकवणारी तर त्याहून नाहीत. पण ह्या बटाट्याला फटीची बातमी कोणीतरी दिली होती खरी.

आजोळी, यावलकडे, देवघर म्हणजे माजघरातली एक आंधळी खोली. नवरात्रात तिथे घट बसायचा. शेतातली काळी माती, तिच्यात गहू-ज्वारी, वर रोजचं शिंपण. तिसऱ्या-चौथ्या माळेला मातीला भेगा पडून सुया वर यायच्या. मी पाटावर पालथी पडून बघत बसे. प्रत्येक सुईच्या टोकावर पाण्याचा एकेक थेंब, आणि रंग पिवळाधम्मक, हळदीत बुडवून काढल्यागत. पण सातव्या माळेपर्यंत सगळं पीक देवीकडे पाठ करून दाराकडे झुकलेलं. मला हा देवीचा अपमान वाटायचा. घट फिरवू का, विचारलं तर आजी डोळे वटारायची. बसलेला घट हलवायचा नसतो. दसऱ्याला आजोबा तेच तुरे टोपीत खोवून ऐटीत सोनं लुटायला जायचे, तेव्हा मात्र कुठल्या बाजूला वाकलेत ते कोणी बघत नसे.

चार्ल्स डार्विनला घट हलवायची बंदी नव्हती. त्याने आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस याने गवताच्या अशाच कोवळ्या कोंबांच्या शेंड्यांवर टोप्या घातल्या. टोपीवाले कोंब सरळच राहिले. शेंडा उघडा ठेवून खालचा भाग झाकला, तर ते वाकले. म्हणजे उजेड बघतो शेंडा आणि वाकते खालची मान, मधे काहीतरी निरोप जातो. हे 1880 मध्ये छापून आलं. निरोप्या म्हणजे ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक, हे पुढच्या शतकात कळलं. ते सावलीच्या बाजूला जास्त उतरतं, तिकडच्या पेशी लांबतात, आणि कोंब उजेडाकडे कलतो. बघणारा कोण, हे कळायला तर विसावं शतक सरत आलं. फोटोट्रॉपिन नावाचं प्रथिन. त्याच्या पोटात ब जीवनसत्त्वाच्या कुळातला एक रेणू असतो. निळा उजेड पडला की तो रेणू प्रथिनाला घट्ट चिकटतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते स्वतःलाच फॉस्फेट लावून घेतं. तिथून पुढे निरोपानिरोपी. नुसत्या लाल उजेडाचं त्याला सोयरसुतक नाही.

लाल बघायला दुसरं प्रथिन आहे, फायटोक्रोम. त्याची गोष्ट मला जास्त आवडते. 1952 मध्ये अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला लेट्यूसच्या बियांवर आळीपाळीने लाल आणि अतिलाल (लालाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा) उजेड पाडला. लाल पडला की बी रुजायचं, लगेच मागून अतिलाल पडला की रुजणं रद्द. पुन्हा लाल, पुन्हा चालू. कितीही वेळा करा, निकाल शेवटच्या झोतावर. आमच्याकडे लग्नाच्या याद्या अशाच ठरतात, शेवटी जी आत्या बोलली तिचं खरं. लाल उजेडाने जागं झालेलं फायटोक्रोम पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि अंधारात ‘नुसतं लांब हो, पानाबिनांचं नंतर बघू’ म्हणत बसलेल्या प्रथिनांचा काटा काढतं. माझ्या बटाट्यापर्यंत तेवढा उजेडच पोचला नव्हता.

शेजारी कोण उभं आहे हेही फायटोक्रोमला समजतं. हिरवं पान लाल उजेड खातं आणि अतिलाल सोडून देतं. त्यामुळे अजून सावली पडलेलीही नसते, पण बाजूच्या पानांवरून आलेल्या उजेडातच दाटीचा वास येतो, आणि झाड खोड जाड करायचं सोडून उंच पळत सुटतं. दाट पेरलेला मका वाऱ्यात आडवा का पडतो, त्यात ह्याचाही हात आहे.

रात्र किती लांब झाली, तेही ह्याच्याच हिशोबात. जुन्या वाणाची तूर रात्री मोठ्या व्हायला लागल्या की फुलावर येते. मामाच्या शेताच्या वळणावर विजेच्या खांबाला मोठा दिवा लागला, त्या वर्षी बांधालगतचं तुरीचं तास हिरवंगार, माजलेलं, फुलाचा पत्ता नाही. बाकीचं शेत पिवळं झालेलं. मला वाटलं, मामा खत-फवारणीचं काहीतरी सांगेल. तो म्हणाला, “तिले रातच नाही भेटत न माय.”

फायटोक्रोमचं नावही न घेता संपवलं त्याने.

मग दिवा काढायला सांग ना, मी म्हटलं. तर दिव्यासाठी दोन वर्षं खेटे घालणारा हाच. वळणावर साप निघायचे, पोरं क्लासहून अंधारात यायची.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला, “ढोरायले होईन.”