हवेच्या स्नायूंचा हात: चेंडू परतायला लागलाय

मंडळी, आपला हवेवर चालणारा रोबोटचा हात आता पन्हाळीवरून सुटलेला टेबल टेनिसचा चेंडू परतवतोय. सांधा एकच, स्नायू दोन. एक आखडतो तेव्हा दुसरा सैल पडतो.

स्नायू मॅककिबेन पद्धतीचे. 1950च्या दशकात जोसेफ मॅककिबेन या शास्त्रज्ञाने पोलिओ झालेल्या आपल्या मुलीसाठी ते वापरले. रबरी नळीवर विणलेली जाळी. हवा भरली की नळी फुगते आणि लांबीला आखडते. धाग्यांचा अक्षाशी कोन 54.7 अंशांवर गेला की पुढे आखडत नाही, मग दाब कितीही वाढवा. म्हणून जाळी ताणूनच बसवा. टोकांचे प्लग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेतले. मी ॲल्युमिनियमचे मागितले, तर काका म्हणाले, "पितळेचे करून देतो की, आटे टिकतात." स्नायू खालच्या चौकटीवर आहेत आणि दोरीने बॅट ओढतात, तेव्हा वजन आड येत नाही. आटे अजून जसेच्या तसे आहेत.

अवघड आहे ते शिकवणं. दाब तोच, पण हवा भरताना सांधा एका कोनात आणि सोडताना दुसऱ्याच; रबर तापलं की त्यातही फरक. म्हणून प्रोग्रामला आत्ताच्या कोनासोबत मागचे काही दाब आणि कोनही देतो. त्यानंतर फटक्याआधीची बॅटची थरथर थांबली.

सरावाची युक्ती जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेची. तिथे स्नायूंचा हात खराखुरा हलतो, चेंडू मात्र संगणकात, आधी टिपून ठेवलेल्या मार्गाने येतो. त्यांचा हात शून्यापासून शिकून खरे चेंडू सरासरी सेकंदाला 5 मीटरने परतवतो आणि 12 मीटरने स्मॅश करतो! मीही मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये चेंडूचे मार्ग टिपले आणि हाताला तासन्‌तास हवेतच फटके मारू दिले.

सुरुवातीचे फटके वेडेवाकडेच असतात. गिअरच्या मोटरचे दात अशा झटक्यांनी तुटतात. इथे हात अडणीवर आपटतो, दबतो आणि परत येतो. म्हणून प्रोग्राममध्ये वेगाला लगाम घातलेला नाही, उलट फटक्यांना मिळणाऱ्या ज्या गुणांवरून तो शिकतो, त्यांत वेगाला जादा गुण आहेत. मऊपणा म्हणजे कमजोरी असं मानणाऱ्यांनी हे एकदा येऊन बघावंच.

बेळगावच्या पावसात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि व्हॉल्व्ह चिकटतात. रोज टाकी रिकामी करा, वाटेत पाणी अडवणारा फिल्टर लावा.

आता दुसरा सांधा. क्लॅम्पपाशी जाळीचे धागे उसवतात, त्यावर कुणाकडे टिकाऊ उपाय असेल तर सांगा.